खिडकी नसलेले स्वयंपाकघर

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस रंगांची पेटी विकत घ्यायला गेला की दुकानदार हमखास विचारतो, "मुलासाठी का?" मलाही त्याने विचारले. मी "हो" म्हणून मोकळा झालो आणि पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल न्यावा तशी घरी आणली. यवतमाळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारा, गळ्यात मफलर आणि हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असलेला मनुष्य जलरंगांच्या नादी लागला आहे, ही बातमी स्टाफरूमपर्यंत पोचू नये एवढीच माझी इच्छा होती.

तसा हा नाद जुना. शाळेत असताना मी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि स्मरणचित्र असे तिचे विषय. स्मरणचित्राला त्या वर्षी 'सणाची तयारी' आली होती. मी आईला करंज्या करताना काढली. मागे छानशी खिडकी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा, काठावर कुंडी आणि पलीकडे दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य. श्रेणी बरी मिळाली. पुढे नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात जावे असे मनात होते. पण लागोपाठ दोन वर्षे कापसाने दगा दिला होता, आणि "चित्र काढून पोट भरत नाही" या वडिलांच्या वाक्याला उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी मराठी घेऊन एम. ए. झालो. वडिलांचे काही चुकले, असे मी आज म्हणणार नाही. पेटी मात्र मनातून गेली नाही.

तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ही पेटी घेऊन मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. बेत मोठा होता. अडाण नदीचा काठ काढायचा, देवळाचा कळस काढायचा, निंबाखालचा पार काढायचा. चित्र म्हटले की घराबाहेर पडायचे, हे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्के बसलेले. पण परतीच्या पावसाला माझा बेत ठाऊक नव्हता. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो जो लागला तो तीन दिवस हटेना.

धाकट्या भावाची नऊ एकर कोरडवाहू. आठच दिवसांपूर्वी सीतादही करून पहिल्या वेचणीला हात घातलेला. पावसाची चाहूल लागताच त्याने मजूर लावून, होते नव्हते तेवढे फुटलेले बोंड वेचून आणले. ओला कापूस गंजी घालून ठेवता येत नाही. आतून तापतो, पिवळा पडतो, सरकीला कोंब फुटतात, आणि मग व्यापारी हात लावण्याआधीच भाव पाडतो. म्हणून तो पसरावा लागतो. ओसरी भरली, बैठक भरली, माजघर भरले. पलंग भिंतीला उभे झाले. घरातल्या माणसांना वावरायला पायवाटेएवढी जागा उरली, आणि मला बसायला उरले स्वयंपाकघर.

वाचकहो, मी चित्रासाठी स्वयंपाकघर निवडले, असे म्हणण्याची माझी छाती नाही. पावसाने आणि कापसाने मला तिथे ढकलले.

आता, घरातल्या खोल्यांत चित्र शोधणे ही काही माझी नवलाई नव्हे. थोरामोठ्यांनी ते करून ठेवले आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या योहानेस व्हर्मीरचे (१६३२–१६७५) उदाहरण घ्या. उणेपुरे त्रेचाळीस वर्षांचे आयुष्य. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रे चाळिसाच्या आतच भरतात, आणि त्यातली बरीचशी एखाद्या खोलीच्या एका कोपऱ्यातली. डाव्या हाताला खिडकी, तिच्यातून येणारा उजेड, आणि त्या उजेडात पत्र वाचणारी, तराजू धरलेली किंवा दूध ओतणारी बाई. ती दूध ओतणारी स्वयंपाकीण १६६० च्या सुमारास रंगवली गेली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात असलेले हे चित्र उंचीला जेमतेम दीड फूट आहे. तिच्या मागच्या भिंतीवर एक खिळा आहे, खिळे उपटल्याची भोके आहेत, खिडकीची एक काच फुटलेली आहे. २०२२ साली संग्रहालयाने या चित्राच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा समजले की व्हर्मीरने आधी भिंतीवर भांडी अडकवायची फळी काढली होती, आणि मग स्वतःच ती रंगाखाली झाकून टाकली. भांडी गेली, पण खिळ्याची भोके त्याने राहू दिली! कोणती वस्तू टाकायची आणि कोणती राखायची, हाच चित्रकाराचा खरा स्वयंपाक.

पुढच्या शतकात पॅरिसचा शार्दँ (१६९९–१७७९) तांब्याची भांडी, कांदे आणि पाण्याची टाकी काढत राहिला. त्या काळच्या पंडितांच्या उतरंडीत देवादिकांचे आणि इतिहासाचे चित्र सर्वांत वरचे, आणि भांड्याकुंड्यांचे सर्वांत खालचे. शार्दँ खालच्याच पायरीवर बसला आणि तिथेच मोठा झाला. व्हॅन गॉगने १८८८ च्या ऑक्टोबरात आर्ल गावी आपल्या निजायच्या खोलीचे चित्र काढले. थकव्यामुळे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती, तेव्हाचे हे काम. एक खाट, दोन खुर्च्या, खुंटीला कपडे. या खोलीची त्याने पुढे आणखी दोन चित्रे केली. कोपनहेगनच्या हामरस्हॉइने तर आपल्या एकाच भाड्याच्या घरातल्या खोल्या दहा-अकरा वर्षे रंगवल्या. उघडे दार, रिकामी भिंत, पाठमोरी बायको, एवढाच सगळा ऐवज.

आपल्याकडेही तोटा नाही. गोव्यातल्या सांग्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकवीत, आणि घरच्या माणसांना समोर बसवून चित्रे काढीत. त्यांची पत्नी त्यांच्या कितीतरी चित्रांत भेटते. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी घड्याळ, पान, कात्री अशा हाताशी असणाऱ्या वस्तूंना कॅनव्हासवर निराळाच जन्म दिला, आणि त्या पाहण्याविषयी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहून ठेवले. हे सारे मला पुस्तकांतून ठाऊक होते. वर्गात बहिणाबाई चौधरी शिकवताना मी दर वर्षी मुलांना सांगतो, "बघा, या बाईने घरातल्या जात्यावरून आणि चुलीवरून कविता केली. तुमच्या घरात पाहा." मुले माना डोलावतात. मी स्वतः माझ्या घरात कधी पाहिले होते का, हे मात्र एकाही मुलाने मला विचारले नाही.

असो. मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलो. घर जुने, कवेलूचे. शेणामातीच्या जाड भिंती. एका भिंतीला मांडणी. तिच्यावर पितळी डबे, कोपर, गडवे, पाण्याचा गुंड. एका कोपऱ्यात वापरात नसलेली चूल, आणि तिच्या शेजारी फरशीचा ओटा घालून त्यावर गॅसची शेगडी. छताला एके ठिकाणी कवेलूच्या जागी काच बसवलेली. ऊन असले की तिच्यातून उजेडाचा एक दांडा खाली उतरतो आणि त्यात धूर फिरताना दिसतो. त्या दिवशी ऊन नव्हते. आई ओट्यापाशी चकल्यांची भाजणी मळत होती.

"काय करून राहिला रे तू?" तिने मागे न बघता विचारले.

"चित्र काढतो."

"कायचं?"

"ह्या सैपाकघराचं."

तिचा हात थांबला. "काहून? तुले देऊळ नाई दिसत, नदी नाई दिसत? ह्या काजळीचं काय काढतं चित्र! लोक पायतीन त म्हनतीन, मास्तरच्या मायचं घर पाय कसं हाय!"

मी हसून वेळ मारून नेली आणि कामाला लागलो. जलरंगाचे चित्र करताना पहिली गोष्ट करायची ती डोळे किलकिले करून पाहायची. त्याने बारीकसारीक तपशील विरघळतात आणि समोर उरतात ती उजेडाची आणि अंधाराची मोठाली ठिगळे. कुठे सर्वांत जास्त उजेड आहे आणि कुठे सर्वांत गडद अंधार, एवढे आधी ठरवायचे; मग बाकीचे आपोआप जागच्या जागी बसते. मी डोळे किलकिले केले. मांडणीवरचे पितळ चमकत होते. दारातून येणारा पावसाळी उजेड जमिनीवर पडला होता. भिंतीवरच्या दिव्याचा पिवळा डाग आईच्या पाठीवर होता. आणि सर्वांत काळे, शाई सांडावी असे काळे ठिगळ कुठे होते? आईच्या हातांवर.

मला वाटले, आपले काहीतरी चुकते आहे. मी जागा बदलली, डावीकडून पाहिले, उभे राहून पाहिले. चूक नव्हती. दिवा मागच्या भिंतीला, दार मागे, छतातली काच मागे. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईची सावली नेमकी तिच्याच परातीत पडत होती. त्या भिंतीला खिडकी नव्हती. कधीच नव्हती.

आणि मग मला ते एलिमेंटरीचे चित्र आठवले. पडदा, कुंडी आणि दोन डोंगरांमधला सूर्य! स्मरणचित्र म्हणून मी जे काढले होते त्यात स्मरण काडीचेही नव्हते. रोज ज्या स्वयंपाकघरात जेवत होतो ते मला आठवले नव्हते. आठवली होती ती कुठल्याशा पाठ्यपुस्तकातली खिडकी. तपासनिसांनी त्याला श्रेणी दिली, आणि मी तीस वर्षे त्या चित्राचा अभिमान बाळगला.

"माय," मी म्हटले, "तुला परातीतलं दिसतं का गं?"

"इतक्या वर्सांत हाताले समदं पाठ झालं," ती म्हणाली. "डोये कायले पायजेत?"

तिच्या मनगटावर चटक्यांचे जुने डाग आहेत. आईची घाई, आईचा वेंधळेपणा, असे आम्ही भाऊ थट्टेने म्हणत आलो होतो. मी मान खाली घालून पेन्सिल चालवू लागलो.

कोणी म्हणेल, प्राध्यापकमजकूर, हा घर बांधणाऱ्यांचा अडाणीपणा. मला तसे वाटत नाही. आमच्या भागात मे महिन्याचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. जाड भिंत आणि कमी झरोके हा त्या उन्हावरचा उतारा होता. चुलीच्या जाळाला वारा लागू नये, ठिणगी उडू नये, हाही हिशेब असणार. जुन्या माणसांनी ऊन, वारा, चोर आणि आग या चौघांचा विचार केला. पाचवी जी आत उभी राहणार होती तिला विचारायचे राहून गेले. पुढे चूल गेली, गॅस आला, विजेचा दिवा आला. तो दिवाही कुणीतरी, जिथे खुंटी होती तिथेच लावून टाकला.

ते चित्र दोन दिवस चालले. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा. एकदा रंग पडला की तो उजेड परत मिळत नाही. त्यामुळे या कामात काय काढायचे यापेक्षा काय सोडायचे याचीच धाकधूक अधिक. सहा कागद फुकट गेले. सातव्यावर आईची पाठ, गुंडाचा काठ आणि दारातला उजेड बरा जमला. हातांच्या जागी मी निळा आणि तपकिरी मिसळून गडद रंग भरला, आणि त्यात हात आहेत एवढी शंका यावी, इतपतच ठेवले. कारण मला खरोखर तेवढेच दिसत होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाऊस थांबला, पण कापूस अजून वाळायचा होता. पंखे लावून आणि शेगड्या बाहेर नेऊन भावाने तो बराच सुकवत आणला होता. त्या पांढऱ्या माजघराकडे मी दिवसभर पाहत होतो. कापसाचा पांढरा एक नसतो. दाराशी तो निळसर, आत राखाडी, आणि वरच्या थरावर भाकरीच्या पापुद्र्यासारखा पिवळट. त्यातला पिवळट भाग पाहिला की भावाचा चेहरा उतरे. मला जो रंग चित्रासाठी हवासा वाटत होता, तोच त्याच्या हिशेबात तोटा होता. हे लक्षात आल्यावर मी ब्रश खाली ठेवला आणि त्याच्याबरोबर कापूस उलथायला लागलो.

सुकत आलेला कापूस आणि दिवाळीचे दिवे एका घरात कसे नांदणार? भावाने सकाळीच बजावले होते, पणत्या फक्त अंगणात. पण आमचे देवघर माजघराच्या पलीकडे. संध्याकाळी आई दिवा घेऊन निघाली.

"माय, दिवा आत नको नेऊ वं!" भाऊ ओरडला.

"मंग दिवाळीले देवापुढं अंधार ठेवू काय?" ती म्हणाली, आणि चालू लागली.

दोन्ही बाजूंना कंबरेइतका कापूस, मधून हातभर वाट. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा पंजा ज्योतीपुढे आडवा धरलेला. विजेचे दिवे भावाने मघाशीच घालवले होते, कारण बटणाशी ठिणगी उडे. त्या अंधारात तिची बोटे आतून लाल झाली होती, आणि दोन्हीकडचा कापूस ती जाईल तसतसा उजळत आणि विझत होता. आम्ही दोघे भाऊ श्वास रोखून उभे होतो. भाऊ कापसाकडे पाहत होता, मी आईकडे.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' पुष्कळांनी कॅलेंडरवर पाहिले असेल. हातात समई, ज्योतीपुढे आडवा हात, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा लाल उजेड. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते राजा रविवर्म्याचे आहे असे समजणारे लोक अजूनही भेटतात. त्याहून नवलाची गोष्ट ही की ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. म्हणजे तो सगळा उजेड कागद राखून आणि रंग तोलून आणलेला. आणि त्यातली ती तरुणी कोणी राजकन्या नव्हे; ती हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीत मुलीच्या हातात दिवा पाहिला आणि चित्र सुचले, अशी त्याची हकीकत सांगतात. या गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापूरला वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी वारल्या. एवढ्या गाजलेल्या चित्राचा उगम घरातल्या घरात, दिवा घेऊन येणाऱ्या लेकीत होता.

त्या चित्रात हात धरला आहे तो ज्योत विझू नये म्हणून. आमच्या माजघरात धरला होता तो ज्योतीने घर खाऊ नये म्हणून. आई देवघरात पोचली, समई लागली, आणि भाऊ मटकन खाली बसला. ते चित्र मी काढलेले नाही. जमेल असे वाटत नाही.

माझ्यासारखाच कुणी वर्तमानपत्रात पेटी गुंडाळून बसला असेल, तर त्याच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. घरातली एकच खोली घ्यावी आणि तिच्यात तीन वेळा बसावे: सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. खोली तीच असते. चित्र तिन्ही वेळा निराळे असते. बसावे ते जमिनीवर. खुर्चीवरून घर पाहुण्यासारखे दिसते. चित्रासाठी खोली आवरू नये. दांडीवरचा टॉवेल, औषधाची बाटली, उलटा पडलेला चपलेचा जोड, यांना हाकलले की खोली घराची न राहता दुकानाची होते. आणि किलकिल्या डोळ्यांनी अंधार कुठे आहे ते आधी शोधावे. तिथे कोण उभे आहे, तेही पाहावे.

कापूस पुढे विकला गेला. निम्म्याला भाव बरा आला, निम्मा पिवळा म्हणून पडत्या भावाने गेला. त्या पैशांत आणि माझ्या एका पगारात आम्ही भावांनी मार्चमध्ये गवंडी बोलावला आणि ओट्यासमोरची भिंत फोडून दोन फूट बाय तीन फुटांची खिडकी काढली. भिंत हातभर जाड. फोडायला दोन दिवस लागले. आई पहिल्या दिवशी रागावली, दुसऱ्या दिवशी गप्प राहिली, आणि तिसऱ्या दिवशी उजेड आत आल्यावर तिने घासणी घेतली. इतक्या वर्षांची काजळी तिला आत्ता दिसली होती.

माझे ते काळ्या हातांचे चित्र आता कोणालाही काढता येणार नाही. तो अंधारच उरला नाही. चित्र मी आईला दाखवले तेव्हा तिने ते बराच वेळ न्याहाळले आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून दिले. भिंतीवर लावू दिले नाही.

या वर्षी दिवाळीला गेलो तर ती खिडकीसमोर परात घेऊन उभी होती. आमच्या वऱ्हाडी बोलीत बायकाही 'मी जातो, मी येतो' असेच म्हणतात. माझ्या हातातल्या पेटीकडे पाहून ती म्हणाली,

"काढ आता. आता मी दिसतो."